एकमार्गी डेटा प्रवाह आणि मोजमापं: रेंडर झाल्यावर कळलेली उंची ठेवायची कुठे?

आडवीरेघ (धागाकर्ता)

बरेच दिवस एका प्रश्नावर अडकलोय. थोडं सविस्तर लिहितो, कारण अर्धवट सांगितलं तर उत्तरंही अर्धवट मिळतील.

आमच्या ॲपमध्ये एक मोठा फलक आहे आणि त्यावर टिपांची कार्डं. मजकूर वापरणारे लिहितात, त्यामुळे कुठे एक ओळ तर कुठे वीस. मला दोन गोष्टी हव्या आहेत. मजकूर चार ओळींच्या वर गेला तर खाली 'पुढे वाचा' हे बटण दिसावं. आणि एकमेकांशी संबंध असलेल्या कार्डांना जोडणारी रेघ असावी, एकाच्या तळापासून दुसऱ्याच्या माथ्यापर्यंत.

रिॲक्ट (पडदा उभा करणारी लायब्ररी) आणि रीडक्स (ॲपचा डेटा एका जागी, म्हणजे स्टोअरमध्ये, ठेवणारी लायब्ररी) वापरतोय. आजवर एक नियम कसोशीने पाळला: ॲक्शन (काय घडलं याची सूचना) निघाली, रिड्यूसरने (सूचनेवरून पुढचा डेटा काढणाऱ्या फंक्शनने) नवा स्टेट, म्हणजे त्या क्षणीचा डेटा, दिला, स्टोअर बदललं, दृश्य त्यावरून उभं राहिलं, म्हणजे रेंडर झालं. तोच स्टेट दिला की तोच पडदा. या शिस्तीचा मला खूप फायदा झालाय, म्हणून ती मोडताना जीव वर-खाली होतो. पण कार्डाची उंची स्टोअरला माहीत नसते. ती ब्राउझरला कळते, आणि तीही कार्ड मांडून झाल्यावर. म्हणजे जे शेवटी बाहेर पडतं, तेच मला सुरुवातीला आत हवंय.

मी काय केलं? प्रत्येक कार्ड माउंट झालं (पानावर चढलं) की स्वतःची उंची मोजतं आणि 'कार्ड मोजलं' अशी ॲक्शन पाठवतं. उंची स्टोअरमध्ये, रेघा स्टोअरवरून. दहा कार्डांवर सुरेख चाललं.

मग एकेक प्रकार समोर आले. ३०० कार्डांचा फलक उघडला की पान दोन-तीन सेकंद जागचं हलत नाही. 'मागे घ्या' दाबलं की शेवटचा बदल जाण्याऐवजी शेवटचं मोजमाप मागे जातं, रेघा भलतीकडे जातात आणि मजकूर तसाच राहतो. स्टोअरची प्रत सर्व्हरवर साठवतो, त्यामुळे लॅपटॉपवर मोजलेल्या उंच्या फोनवर येऊन बसतात. आणि एका ठरावीक लांबीच्या पुढच्या मजकुराला 'पुढे वाचा' हे बटण दिसतं, जातं, दिसतं, जातं, आणि शेवटी रिॲक्ट 'अपडेटची खोली मर्यादेबाहेर गेली' म्हणून थांबतं.

माझी बांधणीच चुकली आहे, की एकमार्गी प्रवाहात मोजमापाला जागाच नाही?

---

जुनाखांब

बांधणी चुकली आहे, पण एका ठिकाणीच. आणि हा प्रश्न या पद्धतीइतकाच जुना आहे.

फेसबुकने २०१४ मध्ये फ्लक्स (एकमार्गी प्रवाहाची बांधणी) मांडलं तेव्हापासून लोक इथे ठेचकाळतायत. फ्लक्समध्ये स्टोअर डिस्पॅच (ॲक्शन पोचवणं) चालू असतानाच 'बदललो' असं ओरडायचं, दृश्य लगेच रेंडर व्हायचं, नवा कंपोनंट (दृश्याचा एक तुकडा) माउंट होऊन मोजमाप घ्यायचा आणि तिथूनच दुसरी ॲक्शन पाठवायला जायचा. डिस्पॅचर तिथेच अडवायचा: एक डिस्पॅच चालू असताना दुसरा चालणार नाही. मग सगळे सेट-टाइमआउट शून्य लावून (काम क्षणभर पुढे ढकलून) मोकळे व्हायचे आणि पडदा एकदा लुकलुकायचा. २०१५ मध्ये रीडक्स आलं. तिथे रिड्यूसरचं काम संपल्यावरच ऐकणाऱ्यांना कळवलं जातं, म्हणून ती आडकाठी गेली. पण आडकाठी होती तेव्हा निदान कळायचं तरी की आपण काहीतरी वेगळं करतोय.

आता तुमच्या लक्षणांकडे बघा. 'मागे घ्या' बिघडलं, कारण तुमच्या इतिहासात दोन जातींच्या गोष्टी मिसळल्या. मजकूर माणसाने लिहिला. उंची कुणीही ठरवलेली नाही. मजकूर, फाँट, खिडकीची रुंदी, झूम आणि वापरणाऱ्याने वाढवलेला अक्षरांचा आकार यांचा तो त्या क्षणीचा परिणाम आहे. यातलं काहीही बदललं की ती शिळी होते. सर्व्हरवर साठवायची ती वस्तूच नाही.

मी स्वतःला एक प्रश्न विचारतो: डॉममधला (ब्राउझरने पानासाठी बांधलेल्या झाडातला) तो नोड काढून टाकला तर या आकड्याला काही अर्थ उरतो का? उरत नसेल, तर आकडा नोडइतकाच जगला पाहिजे. स्टोअर नोडपेक्षा जास्त जगतं.

गतीचं म्हणाल तर हिशोब साधा आहे. ३०० कार्डं, प्रत्येकाची एक ॲक्शन, आणि प्रत्येक ॲक्शननंतर ३०० कार्डांचे सिलेक्टर (स्टोअरमधून हवा तो भाग काढणारी फंक्शनं) पुन्हा चालणार. ९०,००० वेळा सिलेक्टर चालला, तोही फलक उघडताना. त्यातला एखादा सिलेक्टर यादी गाळून नवा ॲरे बनवत असेल, तर दोन-तीन सेकंद कुठे गेले ते कळेल.

---

निरभ्र

जुनाखांब यांच्याशी सहमत. पण त्याच्याही आधीचा प्रश्न: मोजायलाच हवं का?

उंची मोजून दुसऱ्या डब्याला तेवढीच देणं, हे काम सीएसएसचे (पानाच्या मांडणीच्या भाषेचे) ग्रिड आणि फ्लेक्स न मोजता करतात. रुंदीनुसार कार्डाची मांडणी बदलायची असेल तर कंटेनर क्वेरी आहेत. क्रोम आणि सफारीत २०२२ पासून, फायरफॉक्समध्ये २०२३ पासून. स्क्रोलबार आला-गेला की रुंदी बदलून मजकूर हलतो, त्याला स्क्रोलबार-गटर स्थिर ठेवलं की पुरतं. चित्राला रुंदी-उंचीचे गुण लिहिलेले असले तर चित्र येण्याआधीच जागा राखली जाते आणि नंतरचं मोजमाप टळतं.

मी आमच्या कोडमधली मोजमापं एकदा बसून तपासली, तेव्हा निम्म्याहून जास्त फक्त सीएसएसने गेली. राहिली ती खरोखर मोजायचीच होती.

---

चौकट

निरभ्र, रेघा सीएसएसने जाणार नाहीत. आणि जुनाखांब, तुमचा नियम मला अर्धाच पटतो.

'उंची कंपोनंटच्या आत ठेवा' हे बटणापुरतं ठीक. कार्ड मोजतं, कार्डच वापरतं, संपलं. पण रेघेला दोन कार्डांचं मोजमाप लागतं, आणि ती दोघांचीही मूल नाही. अ कार्डाची उंची अ च्या पोटात लपवलीत तर रेघेने ती मिळवायची कशी? वरच्या कंपोनंटला कॉलबॅकने (त्याने दिलेलं फंक्शन बोलावून) कळवायचं, त्याने आपल्या स्टेटमध्ये ठेवायचं, खाली प्रॉप (वरून मिळणारी माहिती) म्हणून द्यायचं. म्हणजे पुन्हा एक छोटं स्टोअरच झालं, फक्त नाव वेगळं. मग खऱ्या स्टोअरने काय घोडं मारलंय? ॲक्शनची नोंद राहते, काय कधी मोजलं ते दिसतं. 'मागे घ्या'मधून तो कप्पा वगळा, साठवताना वगळा, ३०० ऐवजी एकच एकत्र ॲक्शन पाठवा. झालं की.

---

सांजवात

मी एल्ममध्ये (वेब ॲप लिहायच्या एका भाषेत) काम करते. तिथे या वादाचं उत्तर भाषेनेच देऊन टाकलंय, म्हणून लिहावंसं वाटलं.

एल्ममध्ये दृश्य काढणारं फंक्शन डॉमकडे बघूच शकत नाही. मोजायचं असेल तर अपडेटमधून एक टास्क परत द्यायची, 'या आयडीचा घटक मोजून सांग'. रनटाइम पुढच्या ॲनिमेशन फ्रेमपर्यंत थांबतो, नवं दृश्य डॉममध्ये उतरलेलं असतं, मग मोजतो आणि निकाल संदेश म्हणून अपडेटकडे येतो. घटक सापडला नाही तर तेही संदेशातच येतं, आणि ती शक्यता हाताळल्याशिवाय कोड कंपाइल होत नाही.

बघा, सर्व्हरकडून उत्तर यावं तसंच हे. घड्याळाची वेळ, नेटवर्कचा निकाल, घटकाची उंची: तिन्ही बाहेरच्या जगाकडून आलेल्या बातम्या. बातमी आत यायला एकच दार आहे, म्हणून प्रवाह एकमार्गीच राहतो. आडवीरेघ यांना जे 'उलटं वाहतंय' असं वाटतंय, ते माझ्या मते उलटं नाहीच. ब्राउझर हा प्रवाहाच्या बाहेरचा आहे, आपल्या दृश्याचं शेपूट नव्हे.

एक अडचण मात्र खरी. निकाल एका फ्रेमने उशिरा येतो. तोवर काय दाखवायचं ते आपण ठरवायचं. मी न मोजलेल्या अवस्थेला मॉडेलमध्ये स्वतःचं नाव देते आणि त्या एका फ्रेमला घटक अदृश्य ठेवते. जागा धरलेली, पण दिसत नाही. शून्य उंची आणि 'अजून माहीत नाही' या दोन गोष्टी एकाच आकड्याने दाखवल्या की हमखास घोळ होतो.

---

जुनाखांब

सांजवात, 'न मोजलेलं' ही वेगळी अवस्था, हे फार महत्त्वाचं सांगितलंत. घटक डिस्प्ले-नन (पूर्ण लपवलेला) असला की मोजमाप शून्यच येतं. ते खरं धरलं तर सगळ्या रेघा डाव्या वरच्या कोपऱ्यात जाऊन पडतात.

चौकट, रेघांबाबत तुमचं बरोबर आहे, मी बटणाच्याच बाजूने विचार करत होतो. पण मुख्य स्टोअर अजूनही नको वाटतं, आणि कारण वेगळं आहे. तिथे ठेवलेल्या प्रत्येक गोष्टीवर वाचणारा विश्वास टाकतो. सहा महिन्यांनी कुणीतरी रिड्यूसरमध्ये लिहिणार, 'उंची २०० पेक्षा जास्त असेल तर कार्ड मोठ्या गटात टाका'. त्या क्षणी फोनवर आणि लॅपटॉपवर डेटा वेगळा होईल. हे मी घडलेलं पाहिलंय, निस्तरायला फार जड गेलं.

म्हणून मधला मार्ग: फलकाच्या पातळीवर एक वेगळा, छोटा भूमितीचा साठा. आयडीवरून मोजमाप, बस. फलक गेला की साठाही गेला. वाचायला युज-सिंक-एक्स्टर्नल-स्टोअर, म्हणजे रिॲक्टबाहेरचा साठा वाचायची रिॲक्ट १८ पासूनची अधिकृत सोय. रेघ फक्त आपल्या दोन आयडींचे आकडे वाचते. मूळ डेटाच्या रिड्यूसरला हा साठा दिसतच नाही, त्यामुळे त्याच्यावर काही बांधायचा मोह होत नाही.

---

चौकट

हे चालेल. माझा मुद्दा सामायिक जागा हवी एवढाच होता, ती रीडक्सच असावी असा हट्ट नाही.

---

आडवीरेघ

सगळ्यांचे मनापासून आभार. सांजवात यांचं 'बाहेरून आलेली बातमी' वाचून डोक्यातली एक गाठ सुटली. भूमितीचा साठा आजच वेगळा काढायला घेतलाय.

पण ते लुकलुकणारं बटण? ते कार्डाच्या आतच आहे. स्टोअरमधून काढून साध्या स्टेटमध्ये आणलं तरी तसंच. चार ओळींची उंची ९६ पिक्सेल. मजकूर ९६ च्या वर असेल तर कापतो आणि बटण दाखवतो.

---

जुनाखांब

कापल्यावर पुन्हा मोजता ना? चक्र तिथेच आहे. हाताने चालवून बघा.

पहिल्या रेंडरला मजकूर मोकळा, उंची १२०. ९६ पेक्षा जास्त, म्हणून 'लांब आहे' खरं. दुसऱ्या रेंडरला मजकूर कापलेला, इफेक्ट (रेंडरनंतर चालणारा, मोजणारा कोड) पुन्हा चालतो, उंची ९६. जास्त नाही, म्हणून 'लांब आहे' खोटं. तिसऱ्याला पुन्हा मोकळा, पुन्हा १२०. लेआउट इफेक्टमधून असं सलग ५० वेळा झालं की रिॲक्ट हात वर करतो, तोच तुमचा संदेश. ज्या उत्तरावर निर्णय घेतला, त्याच निर्णयाने ते उत्तर बदललं.

तोडायचं कसं: मोजमाप अशा गोष्टीचं घ्या जी तुमच्या निर्णयाने बदलत नाही. मजकुराचा डबा मिटलेल्या अवस्थेत कायम चार ओळींना कापलेला ठेवा, बटण असो वा नसो. मग त्या डब्याची स्क्रोल-हाइट आणि क्लायंट-हाइट यांची तुलना करा. स्क्रोल-हाइट म्हणजे आतल्या सगळ्या मजकुराची उंची, कापलेला असला तरी १२०. क्लायंट-हाइट म्हणजे दिसणारी, ९६. फरक असेल तर बटण दाखवा. बटण त्या डब्याच्या बाहेर, भावंड म्हणून, म्हणजे त्याच्या येण्याजाण्याने मजकुराची उंची हलणार नाही.

दोन बारकावे. वापरणाऱ्याने 'पुढे वाचा' दाबलं की डबा मोकळा होतो आणि दोन्ही उंच्या सारख्या होतात. तेव्हाही मोजत राहिलात तर 'मिटवा' बटणच गायब होईल. म्हणून उघडलेलं असताना मोजू नका, आधीचं उत्तर धरून ठेवा. दुसरं, हे दोन्ही गुण पूर्णांकात येतात आणि ब्राउझर झूम केलेला असला की गोळाबेरजेने एका पिक्सेलचा फरक पडू शकतो. फरक एकापेक्षा जास्त असेल तरच लांब समजा.

---

निरभ्र

हे अगदी जपून ठेवण्यासारखं उत्तर. ९६ हा आकडाही मग कोडमधून जाईल, ओळींची संख्या सीएसएसमध्येच राहील.

---

दुसरी_बाजू

उशिरा आले, पण मोजायचं *कधी* यावर कुणी बोललं नाही म्हणून लिहिते.

युज-इफेक्ट साधारणपणे पडदा रंगल्यावर चालतो, म्हणून त्यात मोजून स्टेट बदललात तर वापरणाऱ्याला आधी चुकीचं चित्र दिसतं. युज-लेआउट-इफेक्ट डॉम बदलल्यावर, पण रंगण्याआधी चालतो, आणि त्यातला स्टेटबदल रिॲक्ट तिथल्या तिथे पूर्ण करतो. पहिल्या मोजमापाला हाच हवा.

पण तो एवढंच सांगतो की *रिॲक्टने* काहीतरी बदललं. फाँट उशिरा आला, खिडकी अरुंद झाली, चित्र उतरलं, यातलं रिॲक्टला काहीच कळत नाही. त्यासाठी रिसाइझ-ऑब्झर्व्हर, म्हणजे घटकाचा आकार बदलला की कळवणारी ब्राउझरची सोय. क्रोममध्ये २०१८ पासून आहे, सफारीत २०२० मध्ये आला, आता सगळीकडे आहे. प्रत्येक कार्डाला वेगळा ऑब्झर्व्हर नको. फलकाला एक, त्यालाच सगळी कार्डं बघायला सांगा. कॉलबॅकला बदललेल्या कार्डांची यादी एकदम मिळते, म्हणजे साठ्यात एकच नोंद आणि एकच रेंडर.

तो लेआउटनंतर आणि रंगण्याआधी बोलावला जातो, पण तिथून बदललेला स्टेट रिॲक्ट १८ त्याच क्षणी रेंडर करत नाही, काम रांगेत टाकतो. त्यामुळे रेघा एक फ्रेम मागे राहू शकतात. कार्ड ओढून मोठं करताना हे डोळ्याला खुपतं. तिथे फ्लश-सिंक (रिॲक्टला लगेच रेंडर करायला लावणारं फंक्शन) वापरा, पण त्याच ठिकाणी, सगळीकडे नाही.

कॉलबॅकमध्ये बघितल्या जाणाऱ्या घटकाचाच आकार बदललात, तर कन्सोलवर 'ऑब्झर्व्हरचं चक्र पूर्ण झालं, पण काही सूचना पोचवायच्या राहिल्या' अशा अर्थाची तक्रार येते. बरेच जण ती दाबून टाकतात. दाबू नका. ब्राउझर एकाच फ्रेममध्ये दरवेळी आणखी खोल असलेल्या घटकांनाच पुन्हा विचारतो, म्हणजे चक्र अनंत होत नाही, उरलेलं पुढच्या फ्रेमवर जातं. ती तक्रार म्हणजे जुनाखांब यांनी वर दाखवलेलं चक्र तुमच्याकडे आहे, याचीच खूण.

आणि हा ऑब्झर्व्हर आकार सांगतो, जागा नाही. वरचं कार्ड उंच झालं की खालचं सरकतं, पण खालच्याचा आकार तोच, त्यामुळे त्याच्याबद्दल अवाक्षर येत नाही. रेघांसाठी हे लक्षात ठेवा.

---

आडवीरेघ

दुसरी_बाजू, तुमचा शेवटचा परिच्छेद वाचला आणि काल रात्रीचा माझा गोंधळ समजला. अगदी तेच होत होतं.

आता असं केलं. कार्डांच्या जागा मी ब्राउझरला विचारतच नाही. फलकावर स्तंभ ठरलेले, कार्डांमधलं अंतर ठरलेलं. त्यामुळे प्रत्येक कार्डाची फक्त उंची मोजतो आणि कोणतं कार्ड कुठे हे स्टोअरमधला क्रम अधिक भूमितीच्या साठ्यातल्या उंच्या यांवरून एक शुद्ध फंक्शन (तीच माहिती दिली की तेच उत्तर देणारं) काढतं. तेच फंक्शन कार्डांना जागा देतं, तेच रेघांना टोकं देतं. दोघांचं कधी बिनसतच नाही.

---

सांजवात

हे मला फार आवडलं. फ्लटर आणि कंपोज या ॲपचे पडदे बांधायच्या साधनांमध्येही मांडणी अशीच चालते: वरून मर्यादा खाली जातात, खालून आकार वर येतात, आणि जागा पालक ठरवतो. कंपोज तर एका मांडणीत मुलाला दोनदा मोजू देत नाही, सरळ चूक दाखवतो. तुम्ही तीच शिस्त हाताने आणलीत.

---

चौकट

एक सावधगिरी. फलक उघडताना छोटं होऊन मोठं होण्याचं ॲनिमेशन आहे का? गेट-बाउंडिंग-क्लायंट-रेक्ट (घटक मोजणारं ब्राउझरचं फंक्शन) ट्रान्सफॉर्म, म्हणजे दिसण्यापुरतं लहान-मोठं केलेलं, धरून आकडा देतो. ०.९५ पासून वाढणाऱ्या फलकात ४०० चं कार्ड ३८० मोजलं जाईल, आणि ऑब्झर्व्हर नंतर दुरुस्तही करणार नाही, कारण ट्रान्सफॉर्मने लेआउटचा आकार बदलत नाही. ऑफसेट-हाइट वापरा, किंवा ऑब्झर्व्हरने दिलेला बॉर्डर-बॉक्सचा आकार. त्याचा कंटेंट-रेक्ट मात्र पॅडिंग आणि बॉर्डर सोडून असतो, रेघ कार्डाच्या कडेपर्यंत पोचणार नाही.

---

आडवीरेघ

चौकट, आहे ॲनिमेशन! आणि पहिलं मोजमाप गेट-बाउंडिंग-क्लायंट-रेक्टनेच घेत होतो. बदललं.

आठवडाभर चालवून बघितलं, म्हणून सविस्तर कळवतो. ३०० कार्डांचा फलक उघडताना आता साठ्यात एकच नोंद होते. आधी सगळ्या उंच्या वाचतो, मग एकदाच लिहितो. पूर्वी वाचणं आणि लिहिणं आलटून पालटून व्हायचं, आणि प्रत्येक वाचनाला ब्राउझर लेआउट नव्याने मांडायचा. परफॉर्मन्सच्या पट्टीवर लेआउटचे जांभळे तुकडे ओळीने दिसायचे, ते गेले. 'मागे घ्या' फक्त मजकूर मागे घेतं. मजकूर मागे गेला की कार्ड लहान होतं, ऑब्झर्व्हर कळवतो, रेघ आपोआप जागेवर येते. त्यासाठी एक ओळही वेगळी लिहावी लागली नाही, हे पाहून खूप समाधान वाटलं.

सर्व्हरवर जाणाऱ्या प्रतीतून उंच्यांचा कप्पा काढला. जुन्या प्रतींमध्ये तो अजून आहे, उघडताना तो वाचतच नाही.

एक प्रश्न राहिलाय. चाचण्या जेएसडॉमवर (ब्राउझरशिवाय चालणाऱ्या डॉमच्या नकलेवर) चालतात. तिथे लेआउट नसतो, सगळ्या उंच्या शून्य येतात.

---

दुसरी_बाजू

जागा काढणारं फंक्शन शुद्ध आहे ना? मग त्याला हाताने उंच्या द्या: १२०, ९६, एक न मोजलेलं. रेघेची टोकं बरोबर येतात का आणि न मोजलेल्या कार्डाची रेघ काढली जात नाही ना, एवढं तपासा. त्याला डॉम लागतच नाही. मोजणारा भाग मात्र खऱ्या ब्राउझरमध्येच चालवा. तिथे दोन चाचण्या पुरतात: लांब मजकुराला बटण येतं, आणि खिडकी अरुंद केल्यावर रेघ कार्डाला चिकटलेली राहते.

---

आडवीरेघ

न मोजलेल्या कार्डाच्या चाचणीने लगेच एक चूक पकडली. रेघेचं एक टोक माहीत आणि दुसरं नाही, तेव्हा मी शून्य धरत होतो. दुरुस्त केलं.